राखेवर टेकलेला डोंगर

भूगर्भशास्त्र शिकलेली बाई शेजारी राहते असं कळलं, की लोक दोन प्रश्न विचारतात. बोअरला पाणी लागेल का, आणि भूकंप कधी होणार. पनवेलजवळच्या सुकापूरला आमच्या सोसायटीत राहायला आले तेव्हा पहिल्याच गणपतीत हे दोन्ही प्रश्न मला आरतीच्या ताटासमोर विचारले गेले. पहिल्याला मी ‘पाहून सांगते’ म्हणते. दुसऱ्याला ‘माहीत नाही’ म्हणते. त्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं त्याची मला सवय झाली आहे. एवढं शिकून हेही माहीत नाही!

दिवाळी अंकासाठी ‘कामातला एखादा यशाचा अनुभव लिहा’ असं संपादकांनी सांगितलं. पनवेलमध्ये यश म्हणून जी गोष्ट माझ्या नावावर जमा आहे, तीच लिहिते आहे. वाचून झाल्यावर ती यशाची वाटणार नाही, हे त्यांच्या कानावर आधीच घालून ठेवलं आहे.

माझी सगळी नोकरी जमिनीला भोकं पाडणाऱ्या एका कंपनीत गेली. पूल, इमारत, रस्ता, बोगदा, काहीही बांधायचं तर खाली काय आहे ते आधी बघावं लागतं. त्यासाठी एक पोकळ नळी गरगर फिरवत जमिनीत उतरवतात. तिच्या तोंडाला हिऱ्याचे कण बसवलेले असतात. ती खडक कापत खाली जाते आणि नळीच्या पोकळीत खडकाची कांडी शिल्लक राहते. तिला कोअर म्हणतात. वरचा तुकडा आधी, खालचा नंतर, अशा क्रमाने या कांड्या लांबट लाकडी पेट्यांत मांडून ठेवतात. मी त्या पेट्यांसमोर पाट टाकून बसायची. कांडी ओली करून बघायची, खिळ्याने ओरखडायची, कधी जिभेला लावायची. पहिल्यांदा पाहणाऱ्याला मी दगड चाटते आहे असंच वाटायचं, आणि ते खोटंही नव्हतं.

गिऱ्हाईकं एकेक नमुनेदार. नेरे गावाकडच्या एका फार्महाउसवाल्याने माझ्या बरोबरीने नारळ धरून पाणी शोधणारा एक पाणाड्या बोलावला होता. आम्ही दोघांनी प्लॉटची दोन वेगळी टोकं दाखवली, तर मालकाने दोघांचा मान राखायचा म्हणून मधोमध बोअर मारली. कोरडी गेली. मग तो आम्हा दोघांवर सारखाच रागावला. एक बिल्डर मला म्हणाला होता, “मॅडम, हा कठीण खडक कागदावर जरा वर घेता येईल का? पायाचा खर्च वाचेल.” मी म्हटलं, “कागदावर घेते हो, पण तुमची बिल्डिंग कुठे उभी राहणार आहे?” त्यानंतर त्याने मला काम दिलं नाही, आणि ही हकीकत मी पुढची कित्येक वर्षं प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगितली. आपण खरं बोलणारी बाई आहोत याचा मला भारी अभिमान होता. आता पुढचं सांगते.

निवृत्तीच्या आधीचं शेवटचं मोठं काम नेऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर होतं. एक रस्ता वर न्यायचा होता. मशीनवर रशीदभाई होते. रशीदभाई आमच्या कंपनीचे जुने ड्रिलर, पनवेलचेच. आयुष्यभर मशीनच्या आवाजाशेजारी उभं राहून त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे ते साधं बोलणंही ओरडून बोलायचे. त्यांच्या-माझ्या वयात फार अंतर नाही, पण मला ते शेवटपर्यंत ‘मॅडम’च म्हणत आले.

पनवेलच्या आसपास सगळा काळा कातळ, म्हणजे गोठलेला लाव्हा. लाव्ह्याचा एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. पण दोन थर येण्याच्या मध्ये कधी कधी हजारो वर्षं शांततेत जात. त्या काळात गवत उगवे, तळी साचत, तळ्यांच्या बुडाशी गाळ बसे. मग पुन्हा लाव्हा येई आणि ते सगळं झाकून टाकी. त्या उतारावर तिसऱ्या पेटीत काळ्या कातळाखाली मला असाच एका जुन्या तळ्याचा गाळ मिळाला. दगड होऊन गेलेला, पापुद्र्यापापुद्र्यांचा, करड्या रंगाचा. एका पापुद्र्यावर पानाचा ठसा होता, शिरांसकट. आणि त्या गाळाच्या मधोमध, तळहाताएवढ्या जाडीचा, फिकट हिरवट पांढरा एक पट्टा होता.

ती राख होती. कुठेतरी ज्वालामुखी फुटला असेल, आकाशातून राख पडली असेल, तळ्याच्या पाण्यातून ती सावकाश खाली जाऊन बसली असेल. तिच्यावर पुन्हा गाळ बसला, मग लाव्हा आला, आणि डायनोसॉर संपले त्या सुमाराची ती राख माझ्या हातात आली. मला किती आनंद झाला ते कसं सांगू! मी रशीदभाईंना हाका मारून बोलावलं. ते म्हणाले, “मॅडम, माझ्या मशीनला हा माल अजिबात पसंत नाही. नळी अडकवून ठेवली अर्धा दिवस.”

त्यांची तक्रार रास्त होती. अशी राख युगानुयुगं पाण्यात राहून चिकणमाती होते. कोरडी असताना दगडासारखी, पण पाणी लागलं की फुगते आणि साबणासारखी बुळबुळीत होते. सपाट जमिनीत असे चार थर असतील तरी काही बिघडत नाही. पण पनवेलपाशी सगळे थर पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूला वाकलेले आहेत. भूगर्भाच्या पुस्तकांत या वाकण्याला पनवेलचंच नाव आहे, पनवेलकरांना त्याचा पत्ता नसला तरी. म्हणजे तिथल्या तिन्ही बोअरमध्ये लागलेला हा साबणाचा थर उताराच्या दिशेनेच कललेला होता, त्याच्यावर अख्खा डोंगर टेकलेला होता, आणि उताराच्या पायाशी एक वाडी होती.

वाडी कातकऱ्यांची. नाव लिहीत नाही. काही घरं कुडाची, काही घरकुल योजनेतली. मी आणि रशीदभाई खाली उतरलो तेव्हा वाडीच्या वर एक झरा वाहत होता, उन्हाळा असूनही. झऱ्याच्या कपारीत हात घातला तर बोटांना तीच बुळबुळीत माती लागली. पाणी कातळाच्या भेगांतून खाली झिरपत येतं, या राखेपाशी अडतं आणि बाहेर पडतं. वाडी तिथे वसली होती ती या पाण्यासाठी, आणि पाणी तिथे होतं ते राखेमुळे. वर जाऊन पाहिलं तर करवंदीच्या जाळ्यांमागे डोंगराला एक लांब भेग पडलेली होती. तिच्यात माझा हात कोपरापर्यंत गेला.

वाडीतला वडीलधारा माणूस म्हणजे हशादादा. हाडकुळा, डोक्याला टॉवेल, बोलताना समोरच्याकडे न बघता डोंगराकडे बघायची सवय. त्याची बायको चांगुणा माझ्याच वयाची असेल. तिने आम्हाला बाजेवर बसवलं, त्याच झऱ्याचं पाणी दिलं. मी सगळं समजावून सांगितलं. राख, पाणी, भेग. हशादादाने ऐकून घेतलं.

“बाय, तू म्हंतेस डोंगर पडंल?”

“पडेल, दादा.”

“कवा?”

“पावसात. पाणी आत मुरलं की.”

“कंच्या पावसात? या का फुडल्या?”

इथे खरं उत्तर एकच होतं. माहीत नाही. सोसायटीतल्या लोकांना मी बेधडक देते तेच. पण ‘माहीत नाही’ म्हटलं तर ही माणसं हलणार नाहीत हे मला दिसत होतं. मी म्हटलं, “याच पावसात.”

हशादादाने डोंगराकडे पाहिलं. मग म्हणाला, “तू शिकलेली हायेस. तुला दिसत आसंल.”

तहसील कचेरीतल्या साहेबांनीही माझं म्हणणं ऐकलं. दुसरीकडे कुठे दरडी पडून माणसं गेल्याच्या बातम्या ताज्या होत्या, त्यामुळे कोणाला जबाबदारी अंगावर नको होती. पावसाळ्याच्या तोंडावर वाडी रिकामी केली. तळोज्याच्या बाजूला एका बंद शाळेच्या आवारात पत्र्याच्या शेड उभ्या केल्या होत्या, तिथे सगळ्यांना नेलं. चांगुणाने कोंबड्या टोपलीखाली घालून टेम्पोत चढवल्या. मी स्वतः उभी राहून सामान मोजून घेत होते, एखाद्या यजमानिणीसारखी.

पाऊस चांगला झाला. डोंगर पडला नाही.

शहरातल्या माणसाला यात फार काही गेलं असं वाटणार नाही. जीव वाचवण्यासाठी चार महिने शेडमध्ये राहायचं, एवढंच. पण कातकऱ्यांच्या पोटापाण्याचा निम्मा आधार पावसातल्या रानात असतो. बांबूचे कोंब, करटोली, ओढ्यातले खेकडे, उतारावरची नाचणी. शेडमध्ये यातलं काही नाही. तिथे होता कारखान्यांचा वास, जो सकाळी पत्र्यावरून खाली उतरायचा आणि भाताच्या वाफेत मिसळायचा. दिवाळीच्या आधी सगळी परत वर गेली. घरांची कुडं वाळवीने खाल्ली होती, नाचणी पेरलीच नव्हती. डोंगर होता तसा उभा.

मी भेटायला गेले, तर हशादादा हसून म्हणाला, “बाय, तुझा डोंगुर आळशी हाय.” त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात मी निवृत्त झाले होते, पण भेग मोजायला गेले. ती रुंदावली होती. मी पुन्हा तेच सांगितलं, पुन्हा ‘याच पावसात’ म्हटलं. आता शब्द मागे कसा घेणार? पुन्हा टेम्पो, पुन्हा शेड, पुन्हा काही नाही. त्या वर्षी मात्र मला लोक ओळखायला लागले. कचेरीत साहेब म्हणाले, “काय मॅडम, डोंगराने रजा टाकली का?” शिपायापर्यंत सगळे हसले. सोसायटीत कोणीतरी माझं नाव ‘दरडताई’ पाडलं. लिफ्टमध्ये एक गृहस्थ म्हणाले, “ताई, आपली बिल्डिंग सेफ आहे ना? तुम्ही ‘पडेल’ म्हणालात की आम्ही निर्धास्त.” मीही हसले. घरी येऊन रात्रीचा स्वयंपाक केला नाही.

खरं सांगायचं तर त्या दिवसांपासून माझ्या मनात एक इच्छा मूळ धरू लागली. तेव्हा मला ती इच्छा वाटत नव्हती, काळजीच वाटत होती. पाऊस जोराचा लागला की मी खिडकीशी जाऊन उभी राहायची, पूर्वेला डोंगर दिसतो का बघायची. वाडीतली माणसं शेडमध्ये सुखरूप आहेत हे मला माहीत होतं. मग मी कशाची वाट बघत होते?

तिसऱ्या वर्षी हशादादाचा खोकला वाढला. शेडमध्ये दमट, त्यात तो वास. मी औषधं नेऊन दिली, पनवेलच्या दवाखान्यात दाखवून आणलं. डॉक्टर म्हणाले, छाती भरली आहे, हवा बदला. हवा कुठली बदलणार? तो मला म्हणाला, “बाय, मला वर ने. चार दिस ऱ्हातो, येतो.” मी म्हटलं, “दादा, पाऊस थांबू दे.” तो म्हणाला, “डोंगुर नाय पडत गं.” मी त्याला पुन्हा सगळं समजावलं, राख, पाणी, भेग. आजारी माणसाच्या उशाशी बसून मी आपला मुद्दा पटवत होते. त्याने मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

तो त्या शेडमध्येच गेला. मी पोचले तेव्हा माणसं जमली होती. चांगुणा पत्र्याला टेकून बसली होती. माझ्याकडे पाहून तिने पाय आखडते घेतले, मला बसायला जागा व्हावी म्हणून. रशीदभाई आले होते, त्यांनी तिरडीला खांदा दिला. परतताना जीपमध्ये ते, नेहमी ओरडणारे, हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, तुम्ही त्यांचं वाईट चिंतलं नाही. खुदा जाणतो.” मला त्यांच्याकडे बघवेना.

पाऊस संपला आणि डोंगर त्याही वर्षी पडला नाही.

चौथ्या उन्हाळ्यात मी वाडीकडे फिरकलेच नाही. जायचं तोंडच नव्हतं. नकाशे, पेट्यांचे फोटो, सगळं माळ्यावर टाकलं. मग एक दिवस रशीदभाईंचा फोन आला. “मॅडम, मी भेग बघून आलो. त्यात आता माणूस उतरेल. तुम्ही येत नसाल तर मी सांगतो, पण माझं कोण ऐकणार?” गेले. साहेबांनी या वेळी सरळ सांगितलं की शेड दुसऱ्या कामाला दिल्या आहेत, टेम्पो मिळणार नाही, आणि मॅडम, आता पुरे. वाडीत गेले तर तरुण पोरांनी माझ्याकडे पाठ फिरवली. एकजण म्हणाला, “आमी नाय हलणार. एक माणूस तुमच्या डोंगराला दिला ना आमी?”

मी अंगणात उभीच्या उभी राहिले. परत फिरायचं की इथेच बसायचं ते समजेना. चांगुणा कूड सारवत होती. तिने हात धुतले, बाहेर आली आणि सगळ्यांना उद्देशून म्हणाली, “मी जातंय. नेऱ्याच्या वीटभट्टीवर खोपी रिकाम्या हायेत पावसात. मालकाला इचारलंय मी. ज्याला यायचं त्यानं यावं.”

एकेक करत सगळे तयार झाले. हशादादाची बायको जाते म्हटल्यावर बाकीच्यांना मागे राहणं अवघड झालं असावं. मी चांगुणाला बाजूला घेऊन विचारलं, “तुझा माझ्यावर अजून विश्वास आहे?”

ती म्हणाली, “तसं नाय. पण तुमी किती येता. दर सालाला इतक्या लांबून येता, रडवेलं तोंड करून. कसं नाय म्हनायचं तुमाला?”

म्हणजे ही माणसं माझ्या अभ्यासासाठी घर सोडत नव्हती. माझी कीव येऊन सोडत होती. तीन पावसाळे मी त्यांचा जीव वाचवते आहे असं मी समजत होते आणि ती माझं मन राखत होती. त्या दिवशी मी शरमेने इतकी पिळवटले, की वाटलं याहून खाली आता काही नसेल. पण होतं.

श्रावणाच्या अलीकडचे दिवस. पाऊस सलग लागला होता. सकाळी मी पोळ्या लाटत होते, फोन वाजला. रशीदभाई नेहमीसारखे ओरडत होते. “मॅडम, आला! डोंगर खाली आला! सगळी वाडी गेली!”

मी काय केलं ते जसंच्या तसं लिहिते. मी म्हटलं, “पडला? खरंच पडला?” आणि हातातलं लाटणं ओट्यावर आपटून मी नवऱ्याला हाक मारली, “अहो, ऐकलंत का! पडला! मी सांगत होते की नाही!” माझा आवाज चढला होता. मी हसत होते. चार वर्षं छातीवर ठेवलेला दगड कोणी उचलून घ्यावा तसं मला हलकं वाटलं. साहेबांचा चेहरा, लिफ्टमधल्या गृहस्थांचा चेहरा, सगळे एका क्षणात डोळ्यांपुढून गेले.

नवरा दारात येऊन उभा राहिला. माझ्याकडे बघत म्हणाला, “माणसं कुठे आहेत?”

फोन अजून चालू होता. रशीदभाईंनी माझं सगळं ऐकलं असणार, त्या दिवशी त्यांना नेमकं ऐकू आलं असणार. मग म्हणाले, “मॅडम, भट्टीवर सगळे आहेत. फक्त चांगुणा नाही. करटोली आणायला पहाटे वर गेली होती, एकटी.”

नेऱ्यापर्यंत नवऱ्याने गाडी चालवली. जिथून गाडी जाईना तिथून चालत गेलो. वाडीच्या जागी लाल-काळा चिखल होता, त्यात पत्रे, झाडांची मुळं वर आलेली. झरा कुठे होता तेही ओळखू येईना. पोलिसांनी दोरी बांधली होती. वरच्या बाजूला जिथून डोंगर निसटला होता तिथे कातळाखाली एक पट्टा उघडा पडला होता, ओला, फिकट हिरवट, या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड. मी तीन बोअरच्या कांड्यांवरून मनात जो काढला होता, तोच.

मी दोरीखालून वाकून गेले. कोणीतरी ओरडलं. मी चिखलातून चढत त्या पट्ट्याशी पोचले आणि नखाने खरवडून बघितलं. सुटलेला भाग दोन बोटांत चोळला. तसाच बुळबुळीत. पान असलेला पापुद्रा दिसतो का म्हणून मी वरच्या थरावर हातही फिरवला. एक बाई बेपत्ता होती, आणि मी हे करत होते.

“मिळाली का तुमची राख?”

मी वळले. डाव्या अंगाला, न हललेल्या कातळावर चांगुणा बसली होती. अंगावरचं लुगडं चिखलाने भरलेलं, शेजारी करटोल्यांचं फडकं. डोंगर आला तेव्हा ती पलीकडच्या सोंडेवर होती म्हणून वाचली. आवाज झाल्यावर या कातळापर्यंत आली आणि इथेच बसून राहिली होती, खाली उतरायची पायवाट राहिली नव्हती म्हणून. मला चढताना, वाकताना, खरवडताना तिने सगळं पाहिलं होतं. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिने खरोखरच विचारलं होतं.

मी बोटं साडीला पुसली. “मिळाली,” म्हटलं. आणि मग मला रडू कोसळलं, तर तीच उठून माझ्याजवळ आली.

पुढचं सगळं वर्तमानपत्रात आलं. एकही जीव गेला नाही. वाडीला रस्त्यालगत नवी जागा मिळाली. नव्या वाडीत माझा सत्कार झाला, शाल आणि श्रीफळ. जुनेच साहेब भाषणात म्हणाले, मॅडमच्या ज्ञानावर आमचा पहिल्यापासून विश्वास होता. लिफ्टमधल्या गृहस्थांनी सोसायटीच्या ग्रुपवर माझा फोटो टाकला, खाली हात जोडलेले. हशादादाचं नाव कोणी घेतलं नाही. मला बोलायला उभं केलं तेव्हा मी घेणार होते, पण समोर टाळ्या चालू होत्या आणि मी नुसते आभार मानून खाली बसले.

कार्यक्रम संपल्यावर चांगुणाच्या नव्या घरी गेले. चार भिंती, पत्रा, दाराशी रिकामे हंडे. नव्या जागेला पाणी नाही, टँकर येतो. आम्ही दोघी उंबऱ्यावर बसलो. शाल मांडीवर घेऊन मी म्हटलं, “चांगुणा, तुला एक सांगायचंय. डोंगर पडल्याचा फोन आला ना, तेव्हा मला आनंद झाला. तू कुठे आहेस ते विचारायच्या आधी. मी हसले.”

ती रस्त्याकडे बघत होती. मग म्हणाली, “मला बी झाला.”

मी तिच्याकडे बघितलं.

“वर बसलेली ना मी, खाली सगळा चिखूल. माझं घर नाय, काय नाय. आन् मनात पयलं आलं, म्हातारा फुकट नाय गेला. चला, म्हनलं, पडला एकदाचा.” तिने पदराने तोंड पुसलं. “माझं बी तसंच झालं, बाय. मनाला नका लावून घेऊ.”

तिला वाटलं, आमच्या दोघींचं सारखंच झालं. तिचा आनंद गेलेल्या माणसासाठी होता. माझा कोणासाठी होता, हे मी तिला सांगायला हवं होतं. मी मांडीवरच्या शालीची घडी घालत राहिले.

रस्त्यावर टँकरचा हॉर्न वाजला. बायकांची पळापळ सुरू झाली. चांगुणा हंडे उचलून उठली. “बसा तुमी, पानी आलं का च्या टाकते,” म्हणाली आणि रांगेकडे गेली. मी तिथेच बसले. उठून जायचं तोंड मला राहिलं नव्हतं, आणि तिच्या हातचा चहा प्यायचंही नव्हतं.